खाली मान घातलेले दिवे

नागपूर जिल्ह्यात खापा या नावाची गावे एकाहून अधिक असल्यामुळे आरंभीच स्पष्ट केलेले बरे की, येथे अभिप्रेत असलेले खापा म्हणजे सावनेर तालुक्यातील, कन्हान नदीकाठचा, हातमागाच्या कापडासाठी एके काळी नावाजलेला कसबा नव्हे, तर पेंच व्याघ्रप्रकल्पाच्या पवनी परिक्षेत्रातील बफर पट्ट्यात, सिल्लारी आणि पिपरिया यांच्या शेजाराने वसलेले एक लहानसे खेडे होय. जानेवारी २०२४ मध्ये डार्कस्काय इंटरनॅशनल या संस्थेने पेंचला भारतातील पहिले व आशियातील पाचवे 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता दिली. त्यापूर्वी नागपूरच्या नियोजन समितीच्या तरतुदीतून एक दुर्बीण खरेदी करण्यात आली, आणि वाघोडा, सिल्लारी, पिपरिया व खापा या गावांतील शंभराहून अधिक रस्त्यांवरचे व सार्वजनिक जागांवरचे दिवे बदलून त्यांच्या जागी केवळ जमिनीकडे प्रकाश टाकणारे दिवे बसविण्यात आले. सरकारी दप्तरात या दोन्ही बाबी खर्चाच्या सारख्याच नोंदी असतील. परंतु ज्याला दूरस्थ तेजोमेघांची आणि दीर्घिकांची छायाचित्रे घ्यावयाची आहेत, त्याच्या दृष्टीने दुर्बिणीपेक्षा दिव्यांची खरेदी अधिक मोलाची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे मत कोणाला विक्षिप्त वाटेल, म्हणून त्याचे कारण सांगतो. देवयानी दीर्घिका आकाशात लहान दिसते म्हणून तिचे छायाचित्र कठीण, ही समजूत मुळातच चुकीची आहे. दीर्घ एक्स्पोजरच्या छायाचित्रात तिचा विस्तार पूर्णचंद्राच्या सुमारे सहापट, म्हणजे तीन अंशांच्या घरात भरतो. अडचण तिच्या आकाराची नसून तिच्या मंदपणाची आहे. सुमारे पंचवीस लाख प्रकाशवर्षांवरून आलेल्या त्या क्षीण प्रकाशात गावच्या दिव्यांनी उजळलेल्या हवेचा प्रकाश मिसळला, की तो मागाहून संगणकावर वजा करता येतो खरा, पण त्याच्याबरोबर आलेला अनियमित दाणेदारपणा वजा होत नाही. तो चित्रात कायमचा ठाण मांडून बसतो. सोडियमच्या पिवळ्या दिव्यांच्या काळात त्यांचा विशिष्ट रंग अडविणाऱ्या फिल्टरांचा काही उपयोग होत असे; पांढऱ्या एलईडी दिव्यांचा प्रकाश वर्णपटभर पसरलेला असल्यामुळे ती सोयही आता उरलेली नाही. म्हणून ज्याच्याजवळ पैसे थोडे आहेत त्याने नवे भिंग घेण्यापूर्वी अमावास्येच्या आसपासच्या रात्री सिल्लारीपर्यंतच्या प्रवासाचा खर्च करावा.

दुसरी आवश्यकता पृथ्वीच्या परिवलनाशी सामना करण्याची. आकाश दर सेकंदाला पंधरा विकला सरकते. त्यामुळे स्थिर ट्रायपॉडवरील कॅमेऱ्याने किती वेळ उघडे राहावे याचा एक ढोबळ हिशेब प्रचलित आहे: ५०० या संख्येला भिंगाच्या नाभीय अंतराने, मिलिमीटरमध्ये, भागावे. पन्नास मिलिमीटरच्या भिंगाला पूर्ण आकाराच्या सेन्सरवर दहा सेकंद मिळतात, लहान सेन्सरवर सहा-सात. त्यापुढे तारे बिंदुरूप न राहता रेघा होतात. एवढ्या वेळात मृगातील तेजोमेघ ओळखण्याइतका उमटतो आणि नवशिक्याचा हुरूप वाढतो. पुढे जावयाचे असेल तर तारकांच्या मागोमाग फिरणारा लहान ट्रॅकर घ्यावा, आणि त्यावर १३५ मिलिमीटरचे एखादे वेगवान भिंग चढवावे. देवयानी, कृत्तिका आणि मृगाचा परिसर यांसाठी याहून अधिक सामग्रीची गरज पहिल्या दोन-तीन हिवाळ्यांत तरी पडू नये. माझा अनुभव असा, की लोक नेमके उलट करतात. प्रथम मोठी दुर्बीण विकत घेतात, आणि तिचा भार सोसू न शकणाऱ्या माउंटवर ती थरथरत ठेवून दैवाला बोल लावतात.

ट्रॅकरचा अक्ष ध्रुवाकडे रोखावा लागतो. खाप्याच्या परिसरात ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम साडेएकवीस अंश वर असतो, म्हणजे एखादे सागाचे झाडही त्याला झाकू शकते. तेव्हा उत्तरेची बाजू मोकळी असलेली जागा दिवसाउजेडीच हेरून ठेवावी. शिवाय ध्रुवतारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून अर्ध्या अंशाहून थोडा अधिक दूर असतो, याचा विसर पडू देऊ नये. युरोपीय अक्षांशांचा विचार करून घडविलेली काही विषुववृत्तीय माउंट आपल्याकडे इतकी खाली कलंडतात, की त्यांचे प्रतिभार ट्रायपॉडच्या पायाला अडकतात. खरेदीपूर्वी याची चौकशी अवश्य करावी.

याच अक्षांशाची भरपाई मात्र दक्षिणेला मिळते. नरतुरंगातील ओमेगा हा भव्य गोलाकार तारकागुच्छ बहुतेक युरोपला क्षितिजावर येतच नाही; विदर्भात तो एकवीस अंश उंचीवर माध्यान्हवृत्त ओलांडतो, आणि एप्रिलच्या मध्यास हा क्षण मध्यरात्रीच्या सुमारास येतो. धनू-वृश्चिकातील आकाशगंगेचा गाभा तर चाळीस अंशांपर्यंत चढतो. येथे एक स्थानिक पेच आहे: पेंचच्या या भागातून नागपूर नैर्ऋत्येस पडते, आणि त्याच दिशेस कोराडी व खापरखेडा ही औष्णिक वीज केंद्रेही आहेत. दक्षिणेकडील ज्योती पश्चिमेकडे झुकू लागल्या, की त्या शहराच्या उजेडात शिरतात. म्हणून त्यांची छायाचित्रे त्या माध्यान्हवृत्तावर येण्यापूर्वी, आग्नेयेकडे असतानाच घेणे श्रेयस्कर.

ऋतूंचा बंदोबस्त त्याहून अवघड. आकाशगंगेचा गाभा सायंकाळी सोयीने दिसण्याच्या महिन्यांत पाऊस ठाण देतो. त्याच्या आधीचे एप्रिल-मे हे दिवस विदर्भाच्या भट्टीचे. सेन्सरमधील उष्णताजन्य विद्युतप्रवाह तापमान सहा-सात अंशांनी वाढले की दुप्पट होतो. डिसेंबरातील बारा अंशांच्या रात्रीशी तुलना करता मे महिन्यातील तीस अंशांच्या रात्री तो सहज सहापटींहून अधिक होतो. शीतयंत्र असलेले खास कॅमेरे यावर उपाय आहेत, पण ते महाग. साध्या कॅमेऱ्याच्या मालकाने भिंगावर झाकण घालून, त्याच रात्री, त्याच तापमानात आणि तितक्याच कालावधीच्या वीस-तीस 'डार्क' फ्रेम घ्याव्यात. हिवाळ्यात उष्णता जाते आणि दव येते. भिंगाभोवती गुंडाळावयाची, पॉवर बँकेवर चालणारी उष्ण पट्टी तेव्हा सोबत हवीच.

फिल्टरांविषयी बोलताना पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधील प्राध्यापक कावसजी दादाभाई नेगमवाला यांचे स्मरण होते. मृगातील तेजोमेघाच्या वर्णपटातील प्रमुख हिरवी रेषा मॅग्नेशियमची असावी की नाही, असा वाद इंग्लंडात चालू असताना त्यांनी १८९१ मध्ये तिच्या स्वरूपावर निबंध प्रसिद्ध केला आणि ती रेषा रेखीव आहे, असे दाखविले. ते पुढे ज्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे प्रमुख होते, ती १९१२ मध्ये बंद झाली व तिची वीस इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली. ती रेषा द्विआयनित ऑक्सिजनची, हे आयरा बोवेन यांनी १९२७ मध्ये उलगडले. आज हौशी छायाचित्रकार जो 'ड्युअल-बँड' फिल्टर लावतो, तो हीच ५००.७ नॅनोमीटरची रेषा आणि हायड्रोजनची ६५६.३ नॅनोमीटरची तांबडी रेषा, एवढ्याच दोन आत येऊ देतो. शहरातील गच्चीवरून तेजोमेघ टिपण्यास तो उत्तम. दीर्घिकांना मात्र निरुपयोगी, कारण त्यांचा प्रकाश ताऱ्यांचा, म्हणजे सर्व रंगांचा असतो. बाजारातील साध्या कॅमेऱ्यात सेन्सरपुढे असलेला फिल्टर त्या तांबड्या रेषेचा बराचसा भाग गिळतो, ही आणखी एक मेख.

अलीकडे सीस्टारसारख्या स्वयंचलित दुर्बिणींनी ही सारी यातायात एका पेटीत कोंबली आहे. सीस्टारच्या एका प्रचलित दुर्बिणीचे भिंग पन्नास मिलिमीटरचे, नाभीय अंतर अडीचशेचे. लक्ष्य शोधणे, फ्रेम घेणे, त्या एकत्र करणे, सर्व ती स्वतः करते. शाळांसाठी मी तिची निःसंकोच शिफारस करीन. तिच्या एका फ्रेममध्ये देवयानी मावत नाही, एवढे ध्यानात असावे.

रात्र संपल्यावर संगणकाचे काम सुरू होते. एकेक मिनिटाच्या शंभर फ्रेम एकत्र केल्या, की एका फ्रेमच्या तुलनेत चित्र दहापट स्वच्छ होते, कारण हा लाभ संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणूनच चारपट फ्रेम घेऊन लाभ मात्र दुप्पटच. डीपस्कायस्टॅकर आणि सिरिल ही सॉफ्टवेअर विनामूल्य आहेत. आकाशाचा नकाशा दाखविणारे स्टेलॅरियमही तसेच. डार्कबरोबरच, भिंगावरची धूळ व कडांचा काळोख दूर करण्यासाठी समान उजेडात घेतलेल्या 'फ्लॅट' फ्रेम या सॉफ्टवेअरना पुरवाव्यात. आळसामुळे लोक त्याच टाळतात. रंगांच्या बाबतीत हात आखडता असावा. तेजोमेघाला जांभळ्या गुलालात बुडविणारी जी चित्रे आज सर्वत्र मिरवतात, ती पाहून मला तरी आकाशाची नव्हे, मांडवाची आठवण होते.

ग्राएक्स्पर्टसारखे सॉफ्टवेअर चित्राच्या कोपऱ्यातील शहराचा उजेड काही क्षणांत पुसून टाकते. पुसावा, परंतु तत्पूर्वी मूळ चित्राची एक प्रत जपून ठेवावी. दरवर्षी एकाच महिन्यातील अमावास्येला, एकाच जागेवरून, एकाच भिंगाने व एकाच एक्स्पोजरने नैर्ऋत्येच्या क्षितिजाची एक रॉ फ्रेम घेऊन तिच्यावर तारीख-वेळ नोंदविली, तर चार-पाच वर्षांत नागपूरकडून येणारा उजेड वाढला की घटला याचा पुरावा कोणाही हौशी माणसाच्या हाती राहील. आणि पुढच्या खेड्यांतील दिवे बदलण्यासाठी अर्ज करावयाचा झाला, तर त्याला जोडण्यास तो उपयोगी पडेल.