वही न उघडता गाता येणारी उपासना

मिशनऱ्यांनी मराठी चर्चमध्ये आणलेली स्तोत्रे बहुधा पाश्चात्त्य चालींची. चाल एकच, पण प्रत्येक कडव्याचे शब्द नवे, म्हणजे पुस्तक हातात हवेच. ज्याला अजून वाचता येत नाही तो मुलगा बाकावर पाय हलवत बसतो. निरक्षर आजीचीही गत तीच.

१८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक (मराठीचे ‘फुलामुलांचे कवी’) उपासनेसाठी अभंगाकडे वळले, ते या दृष्टीने फार मोलाचे. मोठ्या अभंगात पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा. दुसऱ्या-तिसऱ्या चरणात यमक. एवढा तुकडा पाच वर्षांच्या मुलालाही एका दमात झेपतो. पुढच्याने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी ती उचलायची आणि फिरून ध्रुपदावर यायचे. ध्रुपद मुलांचे, कडवी मोठ्यांची, अशी वाटणी आपसूक होते. झांजा मुलांच्या हाती द्याव्यात. ताल थोडा चुकेल, चुकू द्यावा.

खरी अडचण पट्टीची. पेटीवाला पुरुषांच्या सोयीने पट्टी खाली धरतो आणि मुलांचा आवाज मंद्र सप्तकात विरून जातो. मध्य षड्ज ते तार षड्ज एवढ्यात बसणारी चाल निवडून पट्टी मुलांच्या गळ्याला लावावी. पुरुषांनी तीच चाल एक सप्तक खाली गावी.

मात्र शब्द बाळबोध करण्याची गरज नाही. अर्थ उशिरा कळला तरी चालतो, चाल लवकर बसली पाहिजे.