विश्लेषण : डायलिसिसनंतरही रक्तात विषद्रव्ये का उरतात? उत्तर दडलंय आतड्यात!

धडगाव तालुक्यातील एखाद्या पाड्यावरून डायलिसिससाठी नंदुरबारला यायचे म्हणजे अख्खा दिवस जातो. चांदसैली घाट उतरून तळोदा गाठायचे, तिथून नंदुरबार, मग चार तास यंत्रावर आणि पुन्हा तीच वाट. पावसाळ्यात घाटात दरड कोसळली, तर सत्रच बुडण्याची भीती. आठवड्याला तीन सत्रे धरली तरी यंत्र काम करते १२ तास. आठवड्याचे तास मात्र १६८. उरलेल्या १५६ तासांत रक्तात काय साचते, हे बऱ्याच अंशी आतड्यातील जिवाणूंवर अवलंबून असते. रुग्णाची रोगप्रतिकारशक्तीही त्यांच्याशी जोडलेली आहे. ती कशी, ते समजून घेऊ.

डायलिसिस नेमके काय काढते, काय नाही?

डायलायझर ही एक अतिसूक्ष्म चाळणी आहे. युरिया, पोटॅशियम यांसारखे छोटे घटक तिच्यातून निघून जातात. अल्ब्युमिनसारखी मोठी प्रथिने शरीराला हवी असतात, ती रक्तातच राहतात.

अडचण इथेच आहे. काही विषद्रव्ये आकाराने छोटी असली तरी अल्ब्युमिनला चिकटून बसतात. चाळणीतून रवा खाली पडतो, पण गुळाच्या खड्याला चिकटलेला रवा खड्यासोबत वरच राहतो, तसेच हे. इंडॉक्सिल सल्फेट आणि पी-क्रेसिल सल्फेट ही अशी दोन प्रमुख द्रव्ये. त्यांचा ९० टक्क्यांहून अधिक भाग प्रथिनांना चिकटलेला असतो. त्यामुळे एका चांगल्या सत्रात युरिया ६५ ते ७० टक्क्यांनी कमी होतो, तर ही द्रव्ये साधारण एक-तृतीयांशच घटतात.

ही विषद्रव्ये येतात कुठून?

आपल्याच पोटातून. डाळ, अंडी, मांस यांतील प्रथिनांचा काही भाग न पचता मोठ्या आतड्यात पोहोचतो. तिथले जिवाणू त्यातील ट्रिप्टोफॅनपासून इंडोल आणि टायरोसिनपासून पी-क्रेसॉल तयार करतात. पुढे शरीरात, मुख्यतः यकृतात, इंडोलचे इंडॉक्सिल सल्फेट होते. निरोगी मूत्रपिंड ते लघवीवाटे बाहेर टाकते. मूत्रपिंड निकामी झाले की ते रक्तातच साचते.

याचा थेट पुरावा २०११ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी दिला. शस्त्रक्रियेने मोठे आतडे काढलेल्या आणि आतडे शाबूत असलेल्या डायलिसिस रुग्णांच्या रक्ताची त्यांनी तुलना केली. आतडे नसलेल्यांच्या रक्तात ही द्रव्ये जवळपास नव्हतीच.

आतड्यातील जिवाणू बिघडतात कशामुळे?

कारणे एकात एक गुंतलेली आहेत.

- रक्तात वाढलेला युरिया आतड्यात उतरतो. काही जिवाणू त्याचे अमोनियात रूपांतर करतात. अमोनियाने आतड्याच्या अस्तरातील पेशींचे सांधे सैल होतात.
- पोटॅशियम वाढू नये म्हणून फळे-भाज्यांवर बंधने येतात. त्यासोबत चोथा, म्हणजेच चांगल्या जिवाणूंचे अन्नही, कमी होतो.
- फॉस्फरस कमी करणाऱ्या काही गोळ्या, लोहाच्या गोळ्या आणि पाण्यावरील मर्यादा यामुळे बद्धकोष्ठता होते.
- वारंवार घ्यावी लागणारी प्रतिजैविके वाईट जिवाणूंसोबत चांगलेही मारतात.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये मूत्रपिंड पूर्ण निकामी झालेल्या २४ रुग्णांची तुलना १२ निरोगी व्यक्तींशी केली. दोन्ही गटांच्या आतड्यातील जिवाणूंत ठळक फरक आढळला. युरिया फोडणारे आणि इंडोल-क्रेसॉल बनवणारे जिवाणू या रुग्णांत वाढतात, तर चोथ्यापासून ब्युटिरेट बनवणारे घटतात, हेही त्यानंतरच्या विश्लेषणात दिसले.

रोगप्रतिकारशक्तीशी याचा काय संबंध?

शरीरातील रोगप्रतिकारक पेशींचा मोठा वाटा आतड्याच्या भिंतीलगत असतो. ब्युटिरेट हे आतड्याच्या अस्तराचे इंधन आहे. शिवाय, प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या ‘नियामक टी पेशी’ तयार होण्यासही ते मदत करते.

ब्युटिरेट घटले आणि भिंत सैल झाली की जिवाणूंचे तुकडे रक्तात झिरपतात. शरीर सतत लढाईच्या पवित्र्यात राहते आणि दाह कमी होत नाही. रोज खोट्या अलार्मवर धावणारी यंत्रणा खऱ्या आगीच्या वेळी थकलेली असते. म्हणूनच डायलिसिस रुग्णांत दाह जास्त आणि संसर्गाशी लढण्याची ताकद कमी, असे उलटे चित्र दिसते. त्यांच्यात हृदयविकारानंतर संसर्ग हे मृत्यूचे एक मोठे कारण आहे. क्षयरोगाचा धोकाही इतरांपेक्षा अधिक असतो. हिपॅटायटिस-बीच्या लशीला त्यांचे शरीर कमी प्रतिसाद देते, म्हणून त्यांना लशीचा दुप्पट डोस दिला जातो.

नंदुरबारमध्ये हा प्रश्न अधिक गंभीर का?

२०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यातील सुमारे ६९ टक्के लोकसंख्या आदिवासी आहे आणि येथील आदिवासी समाजांत सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. सिकलसेलमध्ये विळ्याच्या आकाराच्या लाल पेशी मूत्रपिंडातील बारीक रक्तवाहिन्या अडवतात. काही रुग्णांत प्लीहेचे कामही मंदावते आणि संसर्गाचा धोका वाढतो. अशा रुग्णावर डायलिसिसची वेळ आली, तर प्रतिकारशक्तीवर दुहेरी भार पडतो.

दुसरा मुद्दा अंतराचा. २०१६ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात गरीब रुग्णांना जिल्हा रुग्णालय स्तरावर मोफत डायलिसिसची तरतूद आहे. पण उपचार मोफत असले तरी घाट चुकत नाही. सत्र बुडाले की पोटॅशियम आणि युरिया दोन्ही वाढतात. दुर्गम पाड्यावर ताप आला, तर डॉक्टरांपर्यंत पोहोचायलाही वेळ लागतो.

मग खायचे काय?

‘भाज्या-फळे बंद’ असे टोक गाठण्याची गरज नसते. पोटॅशियम कमी ठेवून चोथा टिकवणे हे सूत्र आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत डायलिसिस रुग्णांना सहा आठवडे सहज न पचणारे स्टार्च देण्यात आले. त्यांच्या रक्तातील मुक्त इंडॉक्सिल सल्फेट घटले, तेही डायलिसिसचे तास न वाढवता.

- भाजी : बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळा आणि ते पाणी फेकून द्या. बरेचसे पोटॅशियम पाण्यासोबत जाते, चोथा बऱ्यापैकी राहतो. दुधी, गिलके, कोबी तुलनेने सोयीचे.
- भाकरी : ज्वारीच्या भाकरीतून चोथा मिळतो. धान्य-डाळींतील फॉस्फरस शरीरात कमी शोषला जातो. पॅकबंद पदार्थांत वरून घातलेला मात्र जवळपास पूर्ण शोषला जातो. तरीही भाकरी-डाळीचे प्रमाण आहारतज्ज्ञाकडूनच ठरवून घ्या.
- केळी : शहादा-तळोद्याच्या पट्ट्यात केळी मुबलक, पण एका मध्यम केळ्यात सुमारे ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. सत्र चुकलेल्या आठवड्यात तर ती टाळलेलीच बरी.
- कमरख : हे फळ पूर्णपणे टाळा. मूत्रपिंड निकामी असताना ते मेंदूवर घातक परिणाम करू शकते.

बद्धकोष्ठता अंगावर काढू नका. मूत्रपिंड थकले की शरीर जास्तीचे काही पोटॅशियम शौचावाटे बाहेर टाकते. पोट साफ न झाल्यास तोही मार्ग अडतो. जुलाबाचे औषध मात्र डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

प्रोबायोटिकच्या पुड्यांचा उपयोग होतो का?

लहान अभ्यासांचे निष्कर्ष संमिश्र आहेत. प्रत्येक डायलिसिस रुग्णाला त्या द्याव्यात असे म्हणण्याइतका पुरावा अजून नाही. प्रतिकारशक्ती खूप खालावलेल्या रुग्णांत जिवंत जिवाणू असलेली उत्पादने क्वचित संसर्गही घडवू शकतात. दह्यातही पोटॅशियम आणि फॉस्फरस असते, म्हणून त्याची वाटी मोजूनच.

हे लक्षात ठेवा

- थंडी वाजून ताप आला, फिस्टुला किंवा कॅथेटरची जागा लाल झाली वा दुखू लागली, तर पुढच्या सत्राची वाट पाहू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.
- मेडिकलमधून स्वतःहून प्रतिजैविके किंवा वेदनाशामक गोळ्या घेऊ नका.
- हिपॅटायटिस-बी, फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशींबद्दल डायलिसिस केंद्रात विचारा.
- ताज्या रक्ततपासणीतील पोटॅशियम आणि फॉस्फरसचे आकडे दाखवूनच आहार ठरवून घ्या. शेजारच्या खाटेवरील रुग्णाला चालते ते आपल्याला चालेलच असे नाही.