मोटारीतल्या रेडिओच्या तारा

जीपमध्ये किंवा मोटारीत नवा रेडिओ बसवला, गाणं लागलं, म्हणजे घरातले सगळे खूश होतात. पण चार दिवस गाडी उभी राहते, आणि मध्यरात्री कुणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली की चावी फिरवावी तर सेल्फ 'टक्' करून गप्प! बॅटरी उतरलेली. अशा वेळी दोष पुष्कळदा एका चुकीच्या जोडाचा असतो. म्हणून या तारांची आज ओळख करून घेऊ.

बॅटरीतून निघालेली वीज काम करून पुन्हा बॅटरीत आली पाहिजे. जायला तार असते. परतायला गाडीचा लोखंडी सांगाडा. बहुतेक रेडिओंची काळी तार या सांगाड्याला, रंग खरवडलेल्या जागी, घट्ट जोडायची.

आता पिवळी आणि तांबडी. दोन्ही धन बाजूच्या, पण कामं निराळी. पिवळीत वीज सदैव हवी. घड्याळ आणि लावलेली स्टेशनं तीच लक्षात ठेवते. तांबडीत वीज चावी फिरवल्यावरच यावी. या दोघींची अदलाबदल झाली तर रेडिओ रोज सगळं विसरतो. आणि दोन्ही एकत्र पिळून चालू तारेला जोडल्या, तर चावी काढली तरी रेडिओ बंद होत नाही, आणि बॅटरी खात बसतो.

मग गाडीतली कोणती तार कोणती, हे ओळखावं कसं? रंगावर जाऊ नका. गाडीकडचे रंग प्रत्येक कंपनीचे वेगळे. १२ व्होल्टचा लहान दिवा घ्या. त्याचं एक टोक उघड्या लोखंडाला, दुसरं जुन्या रेडिओच्या जोडातल्या तारेला लावा. चावी बंद असताना दिवा लागला तर ती पिवळीची जोडीदार. चावी फिरवल्यावरच लागला तर तांबडीची. गुरुजींनी हा प्रयोग मुलांना जरूर दाखवावा. मात्र स्टिअरिंगजवळच्या पिवळ्या वेष्टणातल्या तारा एअरबॅगच्या असतात. त्यांना हात लावू नका.

तपासणी झाली की बॅटरीची ऋण तार सोडा, आणि मगच जोड द्या. जोड डाग देऊन पक्का करा, वर टेप गुंडाळा. स्पीकरच्या तारा जोडीजोडीनं येतात: पांढरी पुढच्या डाव्या बाजूची, करडी पुढच्या उजव्या, हिरवी मागच्या डाव्या, जांभळी मागच्या उजव्या. काळ्या रेघेची तार त्याच जोडीतली ऋण तार. ती सांगाड्याला कधीच जोडू नये, रेडिओ जळू शकतो. निळी तार एरियलसाठी किंवा अँप्लिफायर चालू करण्यासाठी असते. नको असेल तर टोक टेपनं झाका. तरीही रेडिओबरोबरचा कागद एकदा ताडून पाहाच. आणि मालट्रकची वीज बहुधा २४ व्होल्टची असते. तिथं १२ व्होल्टचा रेडिओ थेट लावू नका.

शेवटी फ्यूज. फ्यूज उडाला, की कुठंतरी तार घासली किंवा शिवली, असं समजा. कारण न शोधता तिथं तांब्याची तार किंवा चांदी कागद घालणं म्हणजे पहारेकऱ्याला बांधून ठेवण्यासारखं आहे. मग तार तापते, वेष्टण पेटतं, आणि गाडीही जाते. जेवढ्या अँपिअरचा फ्यूज होता, तेवढ्याचाच घाला.

एवढं केलंत, तर रेडिओ गाईल आणि ऐन वेळी गाडीही सुरू होईल.