नाडी, नोंदी आणि एक क्वेरी

गेल्या वर्षी आमच्या आजोबांना अर्धांगाचा झटका आला. दवाखान्यात नेताना आजीने जुन्या कागदांची प्लॅस्टिकची पिशवी सोबत दिली. डॉक्टरांनी ती चाळली, तर दोन वर्षांपूर्वीच्या एका कार्डिओग्रामवर कुणीतरी पेनने लिहिलं होतं, 'नाडी अनियमित'. गुडघ्याच्या ऑपरेशनआधी काढलेला तो कागद. पुढे पिशवीत गेला आणि सगळे विसरले. आजोबा आता काठी घेऊन चालतात, पण उजवा हात अजून साथ देत नाही. माहिती घरातच होती, शोधणारं कुणी नव्हतं. आपण कॉम्प्युटरवाले, म्हणून ही गोष्ट जास्तच लागते. हा लेख त्यातूनच सुचला.

मित्रहो, या रोगाचं नाव एट्रियल फिब्रिलेशन. आपण सोयीसाठी 'एएफ' म्हणू. शाळेतलं आठवा: हृदयाचे वरचे दोन कप्पे म्हणजे कर्णिका, खालचे दोन जवनिका. उजव्या कर्णिकेतल्या एका ठिकाणाहून विजेचा सिग्नल निघतो आणि सगळं हृदय त्या ठेक्यावर चालतं. ढोलपथकात ताशा ठेका धरतो आणि बाकीचे त्यावर वाजवतात, तसंच. एएफमध्ये जो तो आपापला ठेका धरतो! मिनिटाला ३५० ते ६०० सिग्नल निघतात आणि कर्णिका नीट आकुंचन न पावता नुसत्या थरथरतात. खाली जवनिकेपर्यंत काहीच सिग्नल पोचतात, तेही वेळीअवेळी. म्हणून नाडी अनियमित लागते.

खरा धोका पुढे आहे. थरथरत्या कर्णिकेत रक्त साचून गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की अर्धांग. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावच्या लोकांचा जो दीर्घ अभ्यास झाला, त्यातून १९९१ साली मांडलं गेलं की एएफमुळे हा धोका जवळजवळ पाचपट होतो. वॉरफरिनसारखं गुठळी रोखणारं औषध नीट घेतलं, तर तोच धोका सुमारे दोन तृतीयांशाने कमी होतो. म्हणजे उपाय आहे, पण रोगी वेळेत सापडला पाहिजे. पंचाईत अशी, की बऱ्याच जणांना काही त्रासच जाणवत नाही आणि एएफ अनेकदा येऊन-जाऊन असतं. आज कार्डिओग्राम काढला तर नॉर्मलही येईल. म्हणूनच जुन्या नोंदी महत्त्वाच्या.

तुम्ही म्हणाल, त्यात काय! हॉस्पिटलच्या डेटाबेसवर एक क्वेरी मारायची. अमेरिकेत सप्टेंबर २०१५ पर्यंत आयसीडी-९ हे रोगांचे कोड चालत. त्यात एएफचा कोड ४२७.३१. आयसीडी-१० मध्ये तो आय४८ खाली येतो. कोड असलेली नावं काढली की काम झालं?

नाही झालं. तिकडे कोड टाकले जातात ते मुख्यतः बिलासाठी. नुसता संशय म्हणून तपासणी केली, तरी तो कोड पडू शकतो. बरं, औषधावरून शोधू. पण वॉरफरिन पायाच्या शिरेत गुठळी झालेल्यालाही देतात, हृदयात कृत्रिम झडप बसवलेल्यालाही देतात. मग डॉक्टरांनी लिहिलेला मजकूर वाचू. त्यात असतं, 'एएफ नाही', 'एएफची शंका', 'वडिलांना एएफ होतं'. नुसता शब्द शोधणाऱ्या प्रोग्रामला हे तिन्ही सारखेच! यातला नकार ओळखायला २००१ साली पिट्सबर्गमध्ये वेंडी चॅपमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेगेक्स' नावाचा साधा अल्गोरिदम केला.

आता थोडं गणित. समजा १०,००० लोकांत २०० जणांना एएफ आहे. तुमची क्वेरी त्यातले १८० पकडते, म्हणजे ९० टक्के. उरलेल्या ९,८०० पैकी फक्त ५ टक्के, म्हणजे ४९० जण चुकून यादीत येतात. यादी झाली ६७० ची, त्यात खरे १८०. म्हणजे जेमतेम २७ टक्के!

म्हणून अटी जोडाव्या लागतात: कोड दोन वेगळ्या तारखांना हवा, कार्डिओग्रामच्या रिपोर्टमध्ये एएफ हवं, मजकुरातला उल्लेख नकाराचा नको. नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात २०१० साली कोड, औषधं आणि मजकूर असं सगळं एकत्र वापरून एएफसह पाच रोगांचे रोगी निवडले. डॉक्टरांनी त्यातल्या काही फायली स्वतः वाचून पडताळल्या, तेव्हा ९७ टक्के किंवा जास्त निवड बरोबर निघाली.

पण अटी वाढवल्या की खरे रोगीही सुटतात. कोणती चूक परवडते, हे आधी ठरवावं लागतं. संशोधनाला यादी शुद्ध हवी. रोगी शोधायचे असतील तर जाळं मोठं टाकावं. चुकून आलेल्याचा फार तर एक जादा कार्डिओग्राम निघेल, सुटलेल्याचा हात जाईल. औषध मात्र नुसत्या यादीवरून सुरू करायचं नाही. त्याने रक्तस्राव होऊ शकतो, तो निर्णय डॉक्टरांचाच.

आपल्याकडे २०२१ पासून आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये १४ आकडी आभा नंबर मिळतो. चांगलंच आहे. पण कागदाचा नुसता फोटो चढवला, तर ती आजीचीच पिशवी, फक्त कॉम्प्युटरमध्ये ठेवलेली. त्यातून शोधता येईल अशी नोंद करणारं सॉफ्टवेअर उद्या आपल्यापैकीच कुणीतरी लिहिणार आहे.

तोवर एवढं करा. सुट्टीत घरी गेलात की आजी-आजोबांच्या मनगटावर, अंगठ्याच्या खाली तीन बोटं ठेवा आणि मिनिटभर नाडी बघा. ठेका चुकतोय असं वाटलं तर कार्डिओग्राम काढा. आणि तो कागद पिशवीत टाकण्याआधी डॉक्टरांना दाखवा.