आधी चेंडू, मग संघ

पावसाळा ओसरला की पुण्या-मुंबईत, नाशकात, ठाण्यात सोसायट्यांच्या फाटकांवर फुटबॉल अकादमींचे फलक लागतात. फलकावर एखादं रुबाबदार बोधचिन्ह, गडद रंगाची जर्सी घातलेली चिमुरडी मुलं आणि खाली ठळक अक्षरांत ‘वय वर्षे चारपासून प्रवेश’. घरात पाच वर्षांचं पोर असेल, आणि दिवसभर सोफ्याला गोलपोस्ट समजून ते चेंडू हाणत असेल, तर आईबाबा त्या फलकाशी थबकतात. इतक्या लहान वयात घालावं का? घालायचं तर कुठे? नुसत्या शिकवणीला पाठवावं की एखाद्या संघात? आणि महिन्याला एवढे पैसे मोजून पोराला नेमकं मिळणार काय?

आठ वर्षांखालच्या मुलासाठी ‘चांगला संघ’ शोधण्याची घाई करू नये, हे या प्रश्नांचं थोडक्यात उत्तर. त्या वयात हवी असते मोकळी जागा, प्रत्येकाच्या पायात चेंडू, आणि पोरांवर न खेकसणारा एक जाणता माणूस. या तिन्ही गोष्टी जिथे असतील ती जागा चांगली, मग तिथे फलक असो वा नसो.

वय किती असावं?

तीन-चार वर्षांच्या मुलांनी दिवसातून किमान १८० मिनिटं हालचाल करावी, त्यातली ६० मिनिटं तरी दम लागेल अशी असावी, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं. ही हालचाल म्हणजे शिकवणी नव्हे. धावणं, चढणं, उड्या मारणं, लोळणं, पकडापकडी असं सगळं तिच्यात आलं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणंही असंच आहे. नियम, पाळी आणि संघ या गोष्टी बहुतेक मुलांना साधारण सहाव्या वर्षापासून झेपू लागतात, त्याआधी मोकळं खेळणंच उत्तम.

याचं कारण मुलांच्या वाढीत आहे. पाच वर्षांच्या मुलाला लांबून येणाऱ्या चेंडूचा वेग आणि दिशा यांचा अंदाज नीट येत नाही. आपल्या संघातला दुसरा मुलगा मोकळा उभा आहे, त्याला चेंडू द्यावा, हे त्याला सुचतच नाही, कारण दुसऱ्याच्या जागेवरून बघणं तो अजून शिकतोय. म्हणून या वयाची मुलं मैदानात उतरली की गुळाला मुंगळे लागावेत तशी चेंडूला चिकटतात. बाहेरून कितीही ओरडा, ‘पांगा, पांगा’, ती पांगत नाहीत. आठव्या-नवव्या वर्षाच्या सुमारास ती आपसूक पांगू लागतात. तोवर ‘तू डिफेन्सला थांब’ असं सांगून एखाद्या पोराला गोलपोस्टजवळ उभं करणं म्हणजे त्याला खेळाबाहेर ठेवणं.

तेव्हा चार-पाच वर्षांच्या मुलाला पाठवायचंच असेल तर आठवड्यातून एक-दोन वेळा, पाऊण तास, आणि तेही चेंडूशी खेळ म्हणून. रोज दोन तासांचा ‘सराव’ देणारी जागा या वयाला नको. वर्षभर एकाच खेळाला जुंपणंही नको. पोहणं, सायकल, लंगडी, खो-खो यांतून आलेला तोल आणि चपळाई पुढे फुटबॉललाच उपयोगी पडते.

जगाने मैदान छोटं केलं

मोठ्यांचा अकरा-अकराचा खेळ लहानांना जसाच्या तसा लावला, तर एकेकाच्या वाट्याला चेंडू येतो कितीदा? हे ओळखून फुटबॉलमधल्या बड्या देशांनी लहानांचा खेळच बदलला. जर्मनीत २०२४-२५ च्या हंगामापासून सगळ्यात लहान गटांत तीन-तीन मुलांचे संघ, छोटं मैदान आणि चार छोटे गोल ही पद्धत लागू झाली. या गटांत गुणतक्ता नाही. इंग्लंडमध्येही अकरा वर्षांखालच्या सामन्यांचे निकाल आणि तक्ते प्रसिद्ध करत नाहीत. नॉर्वेने तर मुलांच्या खेळासाठी वेगळे नियमच केले आहेत. अकराव्या वर्षाआधी क्रमवारी नाही आणि तेराव्या वर्षाआधी राष्ट्रीय अजिंक्यपद नाही. तरीही हे देश फुटबॉलमध्ये मागे पडलेले नाहीत.

डोक्याने चेंडू मारण्याबाबतही असंच. अमेरिकेच्या फुटबॉल महासंघाने २०१५ मध्ये दहा वर्षं आणि त्याखालच्या मुलांना हेडिंगची बंदी केली. इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड यांनी २०२० मध्ये प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांच्या सरावातून ते काढून टाकलं. तुमच्या गावातला प्रशिक्षक सहा वर्षांच्या मुलांकडून हेडिंग घोटून घेत असेल, तर तिथून निघालेलं बरं.

आपल्या अखिल भारतीय फुटबॉल महासंघानेही हीच वाट धरली. २०१८ च्या सुमारास महासंघाने ‘गोल्डन बेबी लीग’ सुरू केली. छोटे संघ, छोटी मैदानं, मुलगे-मुली एकत्र, आणि जिंकण्यापेक्षा भरपूर सामने खेळण्यावर भर असं तिचं स्वरूप. पुढे हाच उपक्रम ‘ब्लू कब्ज’ या नावाने चालू राहिला. अशी लीग भरवायला मोठा क्लबच लागतो असं नाही. शाळा, स्थानिक मंडळं, स्वयंसेवी संस्था, हौशी पालक यांनाही नोंदणी करून ती चालवता यावी, हा त्यामागचा मुख्य विचार होता. तुमच्या भागात अशी लीग आहे का, हे जिल्हा फुटबॉल संघटनेकडे किंवा राज्याच्या संघटनेकडे, म्हणजे मुंबईच्या कूपरेजवरच्या वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनकडे विचारता येतं.

आपल्याकडे कुठे काय

महाराष्ट्र म्हणजे क्रिकेट, हा समज कोल्हापुरात पाऊल ठेवताच गळून पडतो. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमींची नावं तिथे कुस्तीइतकीच फुटबॉलशी जोडलेली आहेत. शाहू स्टेडियमवरच्या सामन्यांना पेठाच्या पेठा लोटतात. तिथल्या पोराला अकादमी शोधावी लागत नाही. आजोबा, काका, शेजारचा दादा खेळत असतो, आणि शिवाजी पेठेतल्या गांधी मैदानासारख्या जागी मोठ्यांचा खेळ संपण्याची वाट बघत लहानगे कडेला चेंडू लाथाडत असतात. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा. पुढे पुण्यातल्या बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत तो घडला. पेठेत मात्र एक जपायला हवं. तिथली ईर्षा मोठ्यांना शोभते, सात वर्षांच्या पोराच्या खांद्यावर ती देऊ नये.

मुंबईत परंपरा मोठी आणि जागा तोकडी. रोव्हर्स कप ही स्पर्धा तिथे १८९१ मध्ये सुरू झाली. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारे नेव्हिल डिसूझा मुंबईचे. वांद्र्यात त्यांच्या नावाचं मैदान आहे. १८९३ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई शालेय क्रीडा संघटनेच्या स्पर्धांमुळे शाळेचा संघ हीच तिथल्या अनेक मुलांची पहिली पायरी ठरते. त्यामुळे मुंबईकर पालकांनी पैसे भरण्याआधी शाळेच्या क्रीडाशिक्षकांना भेटावं. ज्यांना शुल्क परवडत नाही अशा वस्त्यांतल्या मुलांसाठी कुलाब्याच्या आंबेडकर नगरातून उभी राहिलेली ऑस्कर फाउंडेशन काम करते. नागपुरात विजय बारसे यांनी उभं केलेलं ‘स्लम सॉकर’ही याच वाटेचं काम. नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ (२०२२) त्यांच्याच कामावर बेतलेला.

गोव्यात तर फुटबॉल घरचाच. चर्चच्या पुढ्यातलं मैदान किंवा भात कापून मोकळं झालेलं शेत, पोरांना दोन्ही चालतं. सरकारी पातळीवर गोवा फुटबॉल विकास परिषद गावोगाव प्रशिक्षण केंद्रं चालवते, तर एफसी गोवा क्लबशी संलग्न फोर्सा गोवा फाउंडेशनने ‘लिटल गौर्स लीग’ नावाने लहानग्यांची लीग भरवली. १९९९ पासूनची सेसा अकादमी मात्र थोड्या मोठ्या, निवडक मुलांसाठी. नवी मुंबईत घणसोलीला असलेली निवासी रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्स हीसुद्धा तशीच. पाच वर्षांच्या मुलाच्या आईबाबांनी या नावांचा आत्ता विचारही करू नये. ती दारं दहा-अकरा वर्षांच्या पुढची आहेत.

पैसे भरण्याआधी एक सत्र बघा

जाहिरात वाचू नका, कडेला बसून एक सत्र पूर्ण बघा. काय बघायचं?

पहिलं, चेंडू मोजा. वीस मुलांत चार चेंडू असतील तर तुमचं मूल बहुतेक वेळ रांगेत उभं राहणार. लहान गटात मुलागणिक एक चेंडू हवा.

दुसरं, मुलं मोजा. एका प्रशिक्षकामागे दहा-बारा लहानग्यांपेक्षा जास्त असतील तर शिकवणं संपतं आणि राखण सुरू होते.

तिसरं, शेवटी सामना होतो का ते बघा. शंकूंमधून चेंडू नेण्याचा सराव हवाच, पण तीन-तीन किंवा चार-चार जणांचा सामना रोज झाला पाहिजे. मुलं आलेली असतात त्यासाठीच.

चौथं, चुकलेल्या मुलाला प्रशिक्षक काय म्हणतो ते ऐका. शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावत असेल तर तिथे शिस्त नाही, आळस आहे.

पाचवं, पाण्याची सुट्टी. ऑक्टोबरच्या उन्हात कृत्रिम गवताचं टर्फ मातीच्या मैदानापेक्षा कितीतरी तापतं. चारच्या सुमारास तिथे तळव्याने हात लावून बघा, मग वेळ ठरवा.

प्रशिक्षकाकडे परवाना आहे का, हे विचारण्यात संकोच नको. महासंघाची शिडी ‘ई’ आणि ‘डी’ परवान्यापासून सुरू होऊन ‘सी’, ‘बी’, ‘ए’ अशी वर जाते. लहानांसाठी खालचा परवानाही पुरतो, मात्र तो असावा. अकादमींनाही महासंघ तारे देऊन मान्यता देतो, तीही तपासता येते. तरी कागदाने सगळं कळत नाही. मोठा खेळाडू होऊन गेलेला माणूस पाच वर्षांच्या पोरांपुढे कंटाळलेला असू शकतो, आणि बालवाडीच्या बाई त्यांना तासभर हसत खेळवू शकतात.

सुरक्षिततेबाबत भीड धरू नका. प्रशिक्षकांची पोलीस पडताळणी झाली आहे का, मुलांना स्वच्छतागृहात कोण नेतं, मुलींच्या गटाबरोबर महिला प्रशिक्षक आहे का, सत्र बघत बसायला पालकांना मुभा आहे का, हे थेट विचारा. ‘पालकांना आत मनाई’ असं सांगणारी जागा टाळा. मुलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१२ चा पॉक्सो कायदा मैदानावरही लागू आहे. मुलगा किंवा मुलगी अचानक ‘मला जायचं नाही’ म्हणू लागली, तर आधी ऐकून घ्या, समजूत नंतर घाला.

बूट, चेंडू आणि खिसा

आठ वर्षांखालच्या मुलांना तीन नंबरचा चेंडू लागतो. त्याचा घेर साठ सेंटिमीटरच्या आसपास. आठ ते बारा वर्षांसाठी चार नंबर. मोठ्यांचा पाच नंबरचा चेंडू ६८ ते ७० सेंटिमीटर घेराचा आणि ४१० ते ४५० ग्रॅमचा. तो छोट्या पायांना जड जातो आणि मूल लाथ मारायचा चुकीचा ढंग शिकतं. बूट वाढत्या अंगाचे घेऊ नका. सैल बुटात चेंडूवर ताबा राहत नाही आणि पाय मुरगळतो. टर्फवर आखूड रबरी खिळ्यांचे बूट पुरेत. नडगीला शिनगार्ड मात्र पहिल्या दिवसापासून हवेत. जर्सी, बॅग, ट्रॅकसूट हा सगळा संच बळेच गळ्यात मारला जात असेल, तर शुल्क वर्षाचं भरण्याऐवजी महिन्याचं भरता येईल का आणि मध्येच सोडलं तर पैसे परत मिळतील का, हे लेखी घ्या.

वयोगटाचंही एक गणित आहे. फुटबॉलचे वयोगट जानेवारी ते डिसेंबर असे ठरतात. जानेवारीत जन्मलेलं आणि डिसेंबरात जन्मलेलं मूल एकाच गटात येतं, आणि सहाव्या वर्षी ते अकरा महिने फार मोठे असतात. थोराड मुलगा निवडला जातो, त्याला जास्त सामने मिळतात, म्हणून तो आणखी पुढे जातो. तुमचं मूल वर्षाअखेरचं असेल आणि ‘मागे’ वाटत असेल, तर बहुतेक वेळा ते मागे नसतं, फक्त लहान असतं. जन्माचा दाखला मात्र खरा आणि वेळेवर काढून ठेवा. वय कमी दाखवण्याचा मोह पुढे हाडांच्या तपासणीत उघडा पडतो आणि शिक्षा मुलाला भोगावी लागते.

अकादमीच नसेल तर?

१५ सप्टेंबर २०१७ रोजी ‘मिशन वन मिलियन’ या उपक्रमात महाराष्ट्रभर शाळाशाळांतून चेंडू वाटून मुलांना एका दिवशी मैदानात उतरवलं गेलं. तो दिवस संपला, पण फुटबॉलला किती थोडं लागतं हे तेव्हा गावोगावी दिसलं. तालुक्याच्या गावात अकादमी नसेल तर सहा-आठ मुलं-मुली जमवा, शाळेचं मैदान रविवारी सकाळी मागून घ्या, चपलांचे गोल करा आणि तीन-तीन जणांचे दहा-दहा मिनिटांचे सामने लावा. पंच नको, तक्ता नको, चषक तर नकोच. पालकांपैकी एकाने महासंघाचा प्राथमिक अभ्यासक्रम केला, तर त्यातून वर्षभरात बेबी लीग उभी राहू शकते.

आणि कडेला उभं राहिल्यावर ‘मार, मार!’ म्हणून ओरडू नका, गोलामागे दहा रुपयांचं आमिष दाखवू नका. घरी येताना ‘जिंकलास का?’ विचारण्याआधी ‘मजा आली का?’ विचारा. पुढच्या रविवारी मूल तुमच्याआधी उठून बूट शोधत असेल, तर तुम्ही योग्य जागा निवडली आहे. शोधत नसेल, तर शुल्क भरलं आहे म्हणून ओढत नेऊ नका. जागा बदला, नाहीतर एक वर्ष थांबा. सहाव्या वर्षी थांबल्याने कुणाचा फुटबॉल बुडत नाही.