वऱ्हाडाची टाळेबंदी आधी

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मुंबई-पुण्याच्या आधी शटर पडले ते वऱ्हाडात. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावतीत आधी शनिवार-रविवारची संचारबंदी आली. मग २२ फेब्रुवारीच्या रात्रीपासून अमरावती आणि अचलपूर शहरांत आठवडाभराची टाळेबंदी. ती पुढे ८ मार्चपर्यंत वाढली. अकोला, अकोट, मूर्तिजापुरातही निर्बंध लागले. किराणा, दूध, औषधे ठरावीक वेळेत सुरू. कारखान्यांनाही मुभा होती. खरा मार बसला तो कापड, भांडी, मंगल कार्यालये, चहाटपऱ्या यांना, तोही ऐन लग्नसराईच्या तोंडावर. पगारदाराला घरी बसणे जमते. हातावर पोट असणाऱ्याचे काय, हा व्यापाऱ्यांचा सवाल रास्तच होता.

पण आजाराचे गांभीर्यही खोटे नव्हते. २४ मार्चला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने महाराष्ट्रातील नमुन्यांत विषाणूचे दोन जनुकीय बदल वाढल्याचे सांगितले. त्याच कुळातल्या एका प्रकाराला ३१ मे रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ‘डेल्टा’ नाव दिले. राज्यभर कडक संचारबंदी लागली १४ एप्रिलला, म्हणजे अमरावतीनंतर सुमारे सात आठवड्यांनी. आणि या साऱ्या आदेशांमागचा एक कायदा? १८९७ चा, मुंबईच्या प्लेगच्या वेळचा.