काट्यांचा मुकुट आणि पाठीतली तलवार

दसरा-दिवाळी झाली की माझे आईवडील कोयता घेऊन बीड जिल्ह्यातून साखर कारखान्याच्या वाटेला लागत. गावातल्या तसबिरींतला एकही देव मी थकलेला पाहिला नव्हता. पुढे प्राध्यापक झाल्यावर युरोपातली ख्रिस्ती मुद्राचित्रे पाहिली आणि थबकलो. इथे देवच रक्तबंबाळ होता.

ही चित्रे लाकडी ठशांवरून छापली जात. जे पांढरे राहायचे ते कोरून टाकायचे. उरलेल्या उंच रेषा शाई घेतात. एका ठशातून शेकडो प्रती निघत. त्यामुळे चित्र चर्चच्या भिंतीवरून उतरून निरक्षर माणसाच्या हातात आले.

१५२१ साली विटेनबर्गमध्ये लुकास क्रानाखने चित्रांच्या तेरा जोड्या काढल्या. एका बाजूला शिष्यांचे पाय धुणारा ख्रिस्त, दुसऱ्या बाजूला लोकांकडून पायांचे चुंबन घेववणारा पोप. इकडे काट्यांचा मुकुट, तिकडे तिहेरी राजमुकुट. ज्यांनी चरणतीर्थाची सक्ती सोसली, त्यांना या चित्राचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. धर्मसत्तेवर एवढा नेमका प्रहार क्वचितच झाला असेल.

पण पुढे काय झाले? मार्च १५२५ मध्ये जर्मन शेतकऱ्यांनी बारा मागण्या मांडल्या. ख्रिस्ताने आपल्या रक्ताने सर्वांनाच मुक्त केले, मग आम्ही भूदास का, असा त्यांचा सवाल होता. ज्या लूथरच्या बाजूने क्रानाखने चित्रे काढली, त्याच लूथरने बंडखोरांना ठार करा असे सरदारांना लिहिले. हजारो शेतकरी कापले गेले.

त्याच वर्षी आल्ब्रेख्त ड्यूररने एका विजयस्तंभाचे चित्र छापले. पायाशी गुरे-मेंढ्या, वर दुधाचे भांडे, शेतीच्या अवजारांची पेंढी, कोंबड्यांचे खुराडे आणि शेंड्यावर खांदे पाडून बसलेला शेतकरी. त्याच्या पाठीत तलवार खुपसलेली. ही थट्टा की कळवळा, यावर अभ्यासकांचा वाद आहे. मला एवढेच दिसते : १५११ च्या आपल्या चित्रमालेच्या मुखपृष्ठावर ड्यूररने दुःखी ख्रिस्त असाच बसवला होता.

एकाच्या वेदनेपुढे गुडघे टेकायचे आणि तीच वेदना भोगणाऱ्या दुसऱ्याला मारायचे, हे सत्तेला सहज जमते. म्हणून वेदनेचे चित्र पुरेसे नाही. ते पूजेला लागले की निरुपद्रवी होते.

वर्गात हे चित्र दाखवले तेव्हा ऊसतोड कामगाराच्या एका मुलीने विचारले, "सर, तलवार दिसते, हात का दिसत नाही?"

आपल्या साहित्याने तो हात दाखवला पाहिजे.